वाचकांचे प्रश्न : आतड्यांचा दाहक आजार, वाढीचे वय आणि हाडांसाठी व्यायाम

क्रोन्सचा आजार आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांचे दोन दीर्घकालीन दाहक आजार आहेत. या दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि तिथे सूज व व्रण निर्माण होतात. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत हे निदान वयाच्या विशीच्या आतच होते, म्हणजे नेमके हाडे भरण्याच्या वयात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी हाडे आणि व्यायाम यांच्याशी संबंधित पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी त्याला क्रोन्सचा आजार असल्याचे निदान झाले. त्यासाठी त्याला काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागल्या. अलीकडे केलेल्या हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीत झेड-स्कोअर उणे २.२ आला आणि कोणीतरी आम्हाला ‘याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार आहे’ असे सांगितले. शाळेने खेळ बंद करायला सांगितले आहे. हा तर म्हातारपणाचा आजार ना? आता याला जपूनच ठेवायचे का?

उत्तर : आपण आकडा कळवला आहे, त्यामुळे प्रथम त्याचाच अर्थ पाहू. प्रौढांच्या, विशेषतः पन्नाशी उलटलेल्यांच्या अहवालात टी-स्कोअर असतो. त्यात रुग्णाच्या हाडांची तुलना निरोगी तरुण प्रौढाच्या हाडांशी केलेली असते आणि तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. वाढत्या वयातील मुलाची तुलना पूर्ण भरलेल्या हाडांशी करणे मुळातच गैर आहे, म्हणून मुलांसाठी त्याच वयाच्या व त्याच लिंगाच्या मुलांशी तुलना करणारा झेड-स्कोअर वापरतात. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर अहवालात ‘वयाच्या मानाने हाडांची घनता कमी’ असे लिहिणे अपेक्षित असते. केवळ आकड्यावरून मुलाला ऑस्टिओपोरोसिस असल्याचे ठरवता येत नाही. त्यासाठी मोठा अपघात न होता मणका दबलेला असावा लागतो, किंवा कमी घनतेच्या जोडीला लांब हाडे मोडल्याचा ठोस इतिहास असावा लागतो : दहाव्या वर्षापर्यंत दोनदा किंवा एकोणिसाव्या वर्षापर्यंत तीनदा. आपल्या पत्रात हाड मोडल्याचा उल्लेख नाही. त्यामुळे आपल्याला सांगितलेले निदान या माहितीवर टिकत नाही.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. डेक्सा यंत्र हाडाची सपाट प्रतिमा घेते आणि तेवढ्या क्षेत्रफळात किती खनिज आहे ते मोजते. हाडाची जाडी त्याला दिसत नाही, त्यामुळे अंगाने लहान मुलाची हाडे मुळात असतात त्यापेक्षा विरळ भासतात. क्रोन्सच्या आजारात उंची खुंटणे आणि वयात येणे लांबणे हे दोन्ही वारंवार आढळते. चौदा वर्षांचा मुलगा उंचीने आणि शारीरिक प्रगल्भतेने बारा वर्षांचा असेल, तर चौदा वर्षांच्या मुलांशी केलेली तुलना त्याच्यावर अन्याय करते. म्हणून उंचीचा हिशेब धरून सुधारलेला झेड-स्कोअर किती येतो आणि मुलगा वयात येण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे दोन प्रश्न आपण डॉक्टरांना अवश्य विचारावेत. कित्येकदा एवढ्यानेच उणे २.२ चे गांभीर्य बरेच उतरते. सगळेच उतरते असे मात्र नाही, कारण या आजारात हाडे खरोखरच मागे पडतात आणि तेही अनेकदा स्टेरॉइडची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच.

असे का होते? हाड ही सतत घडणारी, मोडणारी आणि पुन्हा घडणारी जिवंत ऊती आहे. काही पेशी जुने हाड झिजवतात, तर काही नवे रचतात. आतड्यातील दाहामुळे रक्तात वाढणारी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी संदेशवाहक द्रव्ये हाड रचणाऱ्या पेशींचे काम मंदावतात. वृद्धापकाळात असलेले हाड झिजते. वाढीच्या वयातील रुग्णांत मात्र मुख्य अडचण ही असते की जे हाड या वर्षांत रचले जायला हवे ते पुरेसे रचलेच जात नाही. त्यात स्टेरॉइडची भर पडते. ती हाड रचणाऱ्या पेशींची संख्या व आयुष्य घटवतात, आतड्यातून होणारे कॅल्शियमचे शोषण कमी करतात, लघवीवाटे जाणारे कॅल्शियम वाढवतात आणि स्नायूही क्षीण करतात. भूक मेलेली असते, खाल्लेले अंगी लागत नाही, मूल दमलेले असल्याने हालचाल कमी होते. ही सारी कारणे एकाच वेळी आणि नेमक्या त्याच हाडांवर काम करत असतात.

ही वर्षे इतकी मोलाची का, तेही सांगतो. उंची सर्वांत वेगाने वाढते त्या काळाच्या आसपासच्या अवघ्या दोन वर्षांत प्रौढ वयातील एकूण हाड-खनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा जमा होतो आणि विशीच्या उंबरठ्यापर्यंत जवळजवळ नव्वद टक्के भर पूर्ण झालेली असते. आपल्या मुलाचे वयात येणे लांबले असेल तर त्याची ती दोन वर्षे बहुधा अजून सुरू आहेत किंवा यायची आहेत. म्हणजे घाई करावी असे इथे बरेच आहे आणि हातातून निसटले असे कमी आहे.

म्हणूनच शाळेचा सल्ला मला चुकीचा वाटतो. हाडावर भार पडला नाही तर त्याला भरण्याचे कारणच उरत नाही. मणका दबलेला नाही, पाठीत दुखत नाही आणि आतड्याचा आजार आटोक्यात आहे, अशी खात्री डॉक्टरांनी केल्यावर धावणे, चेंडूचे खेळ, उड्या हे सर्व त्याला करू द्यावे. पाठीच्या मणक्यांचे बाजूने घेतलेले क्ष-किरण चित्र अद्याप काढले नसेल तर त्याविषयी विचारावे, कारण स्टेरॉइड घेतलेल्या मुलांत मणका काहीही न दुखता दबलेला असू शकतो. तोवर जोराची धडक बसणारे खेळ आणि उंचावरून पडण्याचा धोका असलेले खेळ तेवढे टाळावेत. ‘जपून ठेवणे’ याचा अर्थ बसवून ठेवणे असा आपण करू नये, एवढी विनंती आहे.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी आहे. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, पण वर्षभर आजार शांत आहे. मी नियमाने पोहते आणि सायकल चालवते. हाडांसाठी एवढे पुरेसे आहे का? नसेल तर नेमका कोणता व्यायाम करावा?

उत्तर : हृदय, फुप्फुसे, दम आणि मनाची प्रसन्नता यांच्यासाठी आपण करता ते उत्तम आहे आणि ते सोडू नये. हाडांसाठी मात्र ते पुरेसे नाही. पाण्यात शरीराचा भार पाणी उचलते, सायकलवर तो खोगीर उचलते, त्यामुळे खुब्याच्या आणि कंबरेच्या हाडांपर्यंत धक्का पोचतच नाही.

हाड स्वतःवर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची रचना बदलते, हा विचार जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. पुढे झालेल्या अभ्यासांतून त्यात नेमकेपणा आला. हाड किंचित वाकले की त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांतील द्रव हलतो, हाडात रुतून बसलेल्या पेशींना ती हालचाल जाणवते आणि त्या हाड रचणाऱ्या पेशींना कामाला लावतात. मात्र या पेशींच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत. स्थिर भाराकडे त्या दुर्लक्ष करतात. तासन्‌तास उभे राहण्याने हाड भरत नाही. भार झपाट्याने यावा आणि झपाट्याने जावा लागतो. तो रोजच्यापेक्षा वेगळ्या दिशेने आला तर प्रतिसाद अधिक मिळतो. आणि त्या लवकर कंटाळतात : काही डझन आवर्तनांनंतर त्याच भाराला त्या फारशी दाद देत नाहीत आणि पूर्ववत संवेदनशील व्हायला त्यांना काही तासांची विश्रांती लागते. म्हणून हाडांपुरते पाहिले तर अर्धा तास सलग उड्या मारण्यापेक्षा सकाळी पाच मिनिटे आणि संध्याकाळी पाच मिनिटे उड्या मारणे अधिक फलदायी ठरण्याची शक्यता आहे. दमणाऱ्या रुग्णाला ही सवलत फार सोयीची आहे.

भार जिथे पडतो तिथलेच हाड भरते, हेही ध्यानात घ्यावे. टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांवरील १९९५ मधील फिनलंडच्या अभ्यासात रॅकेट धरणाऱ्या हातातील हाडे दुसऱ्या हातापेक्षा ठळकपणे भरलेली आढळली. ज्यांनी पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्यात हा फरक उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठा होता. निरोगी लहान मुलांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांनी सात महिने, आठवड्यातून तीन दिवस, ६१ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यांवरून प्रत्येक वेळी शंभर उड्या मारल्या. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्या खुब्यातील व कंबरेच्या मणक्यांतील खनिज अधिक वाढले. ही मुले निरोगी होती. आपण एवढ्या उंचीवरून सुरुवात करण्याचे कारण नाही.

आपल्यासारख्या रुग्णांविषयी थेट पुरावा कमी आहे, पण आहे. ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्रोन्सच्या रुग्णांनी वर्षभर सौम्य स्वरूपाचे व्यायाम केले. सर्वांची सरासरी काढली तेव्हा फरक फारसा ठळक नव्हता, परंतु ज्याने जितकी सत्रे खरोखर पूर्ण केली तितकी त्याच्या हाडांची घनता अधिक वाढलेली दिसली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासात आजार स्थिर असलेल्या प्रौढ क्रोन्स-रुग्णांना सहा महिने आठवड्यातून तीनदा उड्या आणि वजनाचे व्यायाम असा एकत्र कार्यक्रम दिला होता. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता व्यायाम न करणाऱ्या गटापेक्षा सुधारली आणि स्नायूंची ताकदही वाढली. खुब्याच्या हाडात मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. हे अभ्यास लहान आहेत आणि प्रौढांवरचे आहेत, म्हणून मी त्यांवरून मोठे आश्वासन देणार नाही. दिशा मात्र सगळ्यांची एकच आहे.

प्रत्यक्षात काय करावे? पहिले दोन आठवडे वजनही नको आणि उंचीही नको. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, जिना चढणे-उतरणे आणि टाचा उचलून धपकन खाली टेकणे एवढेच करावे. हे सहज जमू लागले की जागच्या जागी छोट्या उड्या सुरू कराव्यात. प्रथम दहा, मग थांबून पुन्हा दहा, अशा दिवसाला तीस-चाळीस पुरे. उडीपेक्षा उतरणे महत्त्वाचे आहे : पायाचा चवडा आधी टेकावा, मग टाच, गुडघे किंचित वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या दिशेनेच असावेत, ते आत झुकू नयेत. दर उडीला जमिनीवर पाय आपटल्याचा मोठा आवाज येत असेल किंवा गुडघे एकमेकांकडे येत असतील, तर स्नायू अजून तयार नाहीत असे समजून बैठकांकडे परत जावे. महिनाभराने दोरीवरच्या उड्या, एका पायावर उडी, बाजूला उडी असे प्रकार वाढवावेत. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचा व्यायाम असावा. ज्या वजनाने आठ ते बारा आवर्तने होतात आणि शेवटची दोन जड वाटतात, ते वजन योग्य. तंत्र शिकण्यासाठी सुरुवातीला जाणकार प्रशिक्षकाची किंवा फिजिओथेरपिस्टची मदत घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे प्रकार असावेत. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असे प्रमाण आहे. आपले वय या दोन्हींच्या सीमेवर आहे. आपण आधीच जे करता त्यात फक्त उड्या आणि वजन यांची भर घालायची आहे.

एक अखेरची सूचना, जी आपल्या वयाच्या मुलींना मी आवर्जून देतो. व्यायाम वाढवला आणि खाणे त्या प्रमाणात वाढले नाही, किंवा पोट बिघडेल या धास्तीने कमी झाले, तर पाळी अनियमित होते किंवा थांबते. मग व्यायामाने मिळालेले हाड इस्ट्रोजेनच्या अभावी गमावले जाते. पाळी सलग तीन महिने चुकली तर ‘व्यायामामुळे असे होतेच’ असे मानू नये, डॉक्टरांना सांगावे.

प्रश्न : वय बावीस, क्रोन्सचा आजार. आजार उफाळतो तेव्हा व्यायाम पूर्ण बंद करावा का? आणि व्यायामामुळेच आजार उफाळत तर नसेल? आजार शांत असतानाही मी इतका थकलेला असतो की सुरुवातच होत नाही.

उत्तर : मध्यम स्वरूपाच्या व्यायामाने आजार शांत असताना किंवा सौम्य असताना आतड्यातील दाह वाढतो, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. अतिशय दीर्घ पल्ल्याचे धावणे, विशेषतः उन्हात आणि पाणी कमी पडलेले असताना, निरोगी माणसाच्याही पोटात कळा आणि जुलाब आणते. ती लक्षणे म्हणजे आजाराचा उफाळा नव्हे. शंका आली तर विष्ठेतील कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी करता येते. आतड्यात दाह खरोखर वाढला आहे की नाही, हे त्यातून बऱ्यापैकी कळते आणि तर्क करत बसावे लागत नाही.

आजार उफाळलेला असताना ताप, वारंवार रक्ताचे जुलाब, झपाट्याने घटलेले वजन, उभे राहिल्यावर येणारी भोवळ यांपैकी काही असेल तर व्यायाम थांबवावा आणि उपचार घ्यावेत. त्या दिवसांत हाडांसाठी सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे दाह लवकरात लवकर विझवणे. योग्य औषध मिळाले की हाडेही सावरू लागतात. इन्फ्लिक्सिमॅबसारखी टीएनएफ-रोधक औषधे मिळालेल्या क्रोन्सच्या मुलांत रक्तातील हाड-निर्मितीची द्योतके वाढल्याचे दिसले आहे. मुलांमधील क्रोन्सच्या आजारात सहा ते आठ आठवडे केवळ द्रवरूप पोषणआहार देऊन दाह शमवण्याची पद्धत आहे आणि तीत स्टेरॉइड टाळता येत असल्याने हाडांच्या दृष्टीनेही ती सोयीची आहे. सौम्य उफाळ्यात मात्र अंथरुणाला खिळून राहू नये. घरातल्या घरात किंवा जवळपास दहा-दहा मिनिटे चालणे आणि खुर्चीवरून उठणे-बसणे चालू ठेवावे. स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांतच उतरू लागतात आणि पुन्हा कमावायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

थकव्याविषयी. आजार शांत असूनही थकवा राहणे फार सामान्य आहे आणि तो आळस नाही. पण ‘आजारच असा आहे’ म्हणून तो सोडून देऊ नये. लोहाची कमतरता, लहान आतड्याचा शेवटचा भाग बाधित असेल किंवा काढलेला असेल तर जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, शौचासाठी रात्री उठावे लागल्याने मोडणारी झोप आणि नैराश्य ही चार कारणे तपासून पाहावीत, कारण चारही दुरुस्त करता येतात. हिमोग्लोबिन कमी असताना उड्यांचा कार्यक्रम हाती घेणे म्हणजे स्वतःला नाउमेद करून घेणे आहे. आधी लोह भरून काढावे. त्यानंतर ज्या वेळी पोट सर्वांत शांत असते ती वेळ निवडावी आणि पाच मिनिटांचेच उद्दिष्ट ठेवावे. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत धाप पुरेशी आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक गळून गेल्यासारखे वाटले तर मात्रा कमी करावी, बंद करू नये.

प्रश्न : आमच्या मुलीला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या नियमित देतो. मग व्यायामाचा आग्रह कशासाठी?

उत्तर : कॅल्शियम हा माल आहे. तो कुठे आणि किती लावायचा हे भार ठरवतो. गोळ्या आवश्यक असतील तर द्याव्यातच. नऊ ते अठरा या वयात अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला सुमारे १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि त्यानंतर सुमारे १००० मिलिग्रॅम. ड जीवनसत्त्वाची रक्तातील पातळी मिलिलिटरला किमान २० नॅनोग्रॅम असावी. ती मोजून मगच मात्रा ठरवावी. मनाने मोठ्या मात्रा दीर्घकाळ दिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो. मुलगी लोहाची गोळीही घेत असेल तर ती आणि कॅल्शियमची गोळी वेगवेगळ्या वेळी द्यावी, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते. आणि दूध पचत नाही असे प्रत्यक्ष अनुभवाला आले नसेल, तर केवळ आतड्याचा आजार आहे म्हणून दूध-दही बंद करू नये.

प्रश्न : हाडे भरण्याचे इंजेक्शन किंवा गोळी मिळते असे ऐकले. तरुण मुलांना ती का देत नाहीत?

उत्तर : आपला रोख बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांकडे असावा. ती हाडांची झीज रोखतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे वाढीच्या वयात मूळ अडचण झिजेची नसते. शिवाय ती हाडांत वर्षानुवर्षे साठून राहतात, त्यामुळे पुढे गर्भधारणेचा विचार असलेल्या मुलींबाबत अधिकच सावधगिरी लागते. मणका दबला किंवा हाडे पुन्हा पुन्हा मोडू लागली, तर तज्ज्ञ ती देतात. केवळ अहवालातील आकड्यासाठी देत नाहीत.

प्रश्न : माझे वय सतरा आहे. कोलायटिससाठी गेले चार महिने स्टेरॉइड चालू आहे. तीन आठवड्यांपासून पाठ दुखते. प्रशिक्षक म्हणतात, स्नायू आखडला असेल, व्यायाम चालू ठेव.

उत्तर : आपण व्यायाम आजच थांबवावा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटावे. स्टेरॉइड चालू असताना नव्याने सुरू झालेली पाठदुखी, तपासून खात्री होईपर्यंत, स्नायूची मानू नये.

या आजारात पाठदुखीची दोन कारणे विशेष लक्षात ठेवावी लागतात आणि दोन्हींत व्यायामाचा सल्ला नेमका उलटा आहे. पहिले कारण म्हणजे दबलेला मणका. दुखणे बहुधा एकाएकी सुरू होते, कधी पिशवी उचलण्यासारखे किरकोळ निमित्त असते, उभे राहिल्यावर व वाकल्यावर वाढते, आडवे झाल्यावर उतरते, आणि पाठीच्या कण्यावर एका ठरावीक ठिकाणी हलकेच ठोकले तरी कळ येते. अशा वेळी उड्या, वजन आणि पुढे वाकण्याचे व्यायाम पूर्ण वर्ज्य असतात. दुसरे कारण म्हणजे आतड्याच्या आजाराशी निगडित असलेला मणक्यांचा व कंबरेच्या सांध्यांचा दाह. हे दुखणे हळूहळू येते, रात्री उत्तरार्धात जागे करते, सकाळी अर्धा तास किंवा अधिक वेळ पाठ ताठरते आणि हालचाल केल्यावर बरे वाटते. त्यात नियमित व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो. दोन्हींतला निवाडा तपासणी आणि क्ष-किरण किंवा एमआरआय यांनी होतो, अंदाजाने होत नाही.

जांघेत दुखत असेल किंवा चालताना लंगडावे लागत असेल तर तेही सांगावे, कारण स्टेरॉइडमुळे क्वचित खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्याचे निदान लवकर व्हावे लागते. तोवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी आतड्याचा आजार बिघडू शकतो. आणि घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करणे हे सर्वांत धोक्याचे आहे. काही आठवड्यांहून अधिक काळ ते घेतल्यावर शरीराची स्वतःची स्टेरॉइड-निर्मिती मंदावलेली असते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवावे लागते.

प्रश्न : शस्त्रक्रिया होऊन पोटावर इलिओस्टोमीची पिशवी आहे. तीन महिने झाले. पुन्हा वजने उचलता येतील का? वय चोवीस.

उत्तर : येतील, परंतु जिथे थांबलात तिथून सुरुवात करता येणार नाही. स्टोमाच्या, म्हणजे लहान आतडे बाहेर उघडण्यासाठी पोटावर केलेल्या छिद्राच्या, कडेने हर्निया होण्याचा धोका असतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते बारा आठवडे जड उचलण्यास मनाई करतात. आपला तो काळ संपत आला असला तरी शल्यविशारदांची संमती घ्यावी. प्रथम चालणे, मग पाठीवर झोपून गुडघे वाकवून श्वास सोडताना पोट हलकेच आत घेणे आणि त्यानंतर हलकी वजने, अशी चढण ठेवावी. वजन उचलताना श्वास रोखून कुंथू नये. जोर लावण्याच्या क्षणी श्वास सोडावा. स्टोमाच्या जागी फुगवटा दिसला किंवा ओढ जाणवली तर वजन उतरवावे आणि स्टोमा-परिचारिकेला दाखवावे. योग्य मापाचा आधारपट्टा तिच्याच सल्ल्याने घ्यावा.

मोठे आतडे वगळले गेल्याने पाणी आणि मीठ अधिक प्रमाणात बाहेर जाते. घाम आल्यावर नुसते पाणी भरपूर प्यायल्याने स्टोमातून होणारा स्राव उलट वाढू शकतो, म्हणून क्षार-साखरेचे द्रावण घोट घोट घ्यावे. पिशवी व्यायामाआधी रिकामी करावी. उड्यांनी पिशवी निघेल अशी भीती अनेकांना असते. नीट चिकटलेली आणि रिकामी पिशवी सहसा टिकते. पहिल्यांदा हा प्रयोग घरी करून पाहावा.

प्रश्न : मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. वर्गातील एका विद्यार्थिनीला हा आजार आहे. तिला कसे सामावून घ्यावे?

उत्तर : डॉक्टरांकडून लेखी मागवावे आणि त्यात काय करू नये याबरोबरच काय करावे हेही लिहून मागावे. केवळ ‘व्यायामातून सूट’ एवढी चिठ्ठी आली तर ती किती काळासाठी आहे, हे विचारावे. अशा चिठ्ठ्या आजार शांत झाल्यावरही वर्षभर चालू राहतात. तिला न विचारता, हात वर न करता स्वच्छतागृहात जाता यावे आणि परतल्यावर कोणी चौकशी करू नये. मैदान स्वच्छतागृहापासून दूर असेल तर तिच्या गटाला जवळच्या बाजूचे खेळ द्यावेत, म्हणजे तिच्यासाठी वेगळी व्यवस्था केल्याचे इतरांना जाणवणार नाही. आज अंगात किती बळ आहे ते तिने स्वतः सांगावे आणि आपण ते खरे मानावे. लांब पळण्याच्या शर्यतीत ती मागे पडेल, परंतु दोरीवरच्या उड्या, छोट्या अंतराच्या धावा आणि मध्ये विश्रांती अशा प्रकारांत ती इतरांच्या बरोबरीने राहू शकते, आणि योगायोगाने तिच्या हाडांना हवे असलेले प्रकारही नेमके हेच आहेत.